हद्दीचा हिशोब : फुरसुंगी, उरुळी देवाची आणि स्वतंत्र नगराचा प्रश्न

हडपसर ओलांडून सासवड रस्त्याने दिवे घाटाकडे जाताना लागणाऱ्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची या दोन गावांनी सात वर्षांच्या आत तीन प्रकारच्या स्थानिक स्वराज्य संस्थांचा कारभार पाहिला. ऑक्टोबर २०१७ पर्यंत तेथे ग्रामपंचायती होत्या. त्या महिन्यात ही गावे पुणे महापालिकेत समाविष्ट झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य शासनाने अंतिम अधिसूचना काढून त्यांना महापालिकेतून वगळले व दोन्ही गावांची मिळून एक स्वतंत्र नगरपरिषद स्थापन केली. या काळात सरपंच गेले, नगरसेवक आले, नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले आणि डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदेची पहिली निवडणूकही झाली. मोठ्या शहराच्या काठावर वाढलेल्या वस्तीने त्या शहरात विलीन व्हावे की आपले वेगळे नगर करावे, हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. परंतु तो इतक्या थोड्या अवधीत दोन्ही बाजूंनी सोडवून पाहिल्याचे उदाहरण विरळा असल्यामुळे त्याचा तपशिलात विचार करणे उपयुक्त ठरते.

या वादाची मांडणी बहुधा 'मिळकतकर परवडत नाही' विरुद्ध 'सुविधा हव्या असतील तर महापालिकाच हवी' अशी केली जाते. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. शासनाच्या एका अधिसूचनेने गावाची हद्द एका दिवसात बदलते. मात्र पाण्याची वाहिनी, सांडपाण्याचा उतार, कचऱ्याचा डोंगर आणि अर्धवट राहिलेला विकास आराखडा यांपैकी काहीही त्या दिवशी जागचे हलत नाही. हद्दीच्या निर्णयाआधी या गोष्टींचा हिशोब लोकांसमोर ठेवला गेला की नाही, यावरच त्या निर्णयाचे मोल ठरते.

गाव, नगर आणि महानगर : कायद्याच्या पायऱ्या

१ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांचे तीन प्रकार केले आहेत : ग्रामीण स्वरूपातून नागरी स्वरूपाकडे संक्रमण करणाऱ्या क्षेत्रासाठी नगरपंचायत, लहान नागरी क्षेत्रासाठी नगरपरिषद आणि मोठ्या नागरी क्षेत्रासाठी महानगरपालिका. कोणते क्षेत्र कोणत्या प्रकारात बसते हे ठरवताना लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक प्रशासनासाठी मिळणारा महसूल, शेतीबाहेरील रोजगाराचे प्रमाण आणि आर्थिक महत्त्व हे निकष राज्यपालांनी, म्हणजे व्यवहारात राज्य शासनाने, पाहावयाचे असतात. महाराष्ट्रात १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार लहान नागरी क्षेत्रासाठी किमान २५ हजार लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ३०० इतकी घनता आणि शेतीबाहेरील रोजगाराचे किमान ३५ टक्के प्रमाण लागते. नगरपरिषदांचेही लोकसंख्येनुसार वर्ग आहेत : एक लाखाहून अधिक लोकसंख्येची 'अ' वर्ग, ४० हजार ते एक लाख लोकसंख्येची 'ब' वर्ग आणि त्याखालील 'क' वर्ग. महापालिकेसाठी लोकसंख्येची किमान मर्यादा तीन लाखांची आहे.

२०११ च्या जनगणनेत फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांची एकत्रित लोकसंख्या ७५ हजारांच्या आसपास होती, म्हणजे महाराष्ट्रातील कित्येक जुन्या नगरपरिषदांपेक्षा मोठी वस्ती त्या वेळी ग्रामपंचायतीच्या कायद्याखाली नांदत होती. नगरपरिषदेसाठीची पात्रता या गावांकडे कधीचीच होती. तरीही नगरपरिषद वेळेवर न मिळण्याचे कारण पुणे शहराच्या हद्दवाढीच्या इतिहासात सापडते.

पुणे शहर नगरपालिका आणि पुणे उपनगर नगरपालिका यांच्या एकत्रीकरणातून १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महापालिका अस्तित्वात आली, तेव्हापासून शहर गावे सामावून घेत वाढत गेले. १९९७ मध्ये एकाच वेळी ३८ गावांचा समावेश करण्यात आला. परंतु गावांतून झालेल्या विरोधामुळे पुढे त्यांपैकी १५ गावे पूर्णतः आणि काही अंशतः वगळण्यात आली. वगळलेली गावे पुन्हा ग्रामपंचायतींकडे गेली, शहराच्या विकास आराखड्याबाहेर राहिली आणि नेमक्या याच पट्ट्यात पुढील दोन दशकांत बांधकामे वेगाने झाली. रस्ते अरुंद, सांडपाणी ओढ्यात आणि इमारती अनेक मजली, असे आज समाविष्ट गावांत सर्रास दिसणारे चित्र आले ते या मधल्या काळातून. मे २०१४ मध्ये शासनाने ३४ गावांच्या समावेशाची प्रारूप अधिसूचना काढली, ती रखडली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये पहिल्या टप्प्यात ११ गावे महापालिकेत आली. लोहगाव, धायरी, उंड्री, आंबेगाव खुर्द व बुद्रुक, शिवणे, उत्तमनगर, केशवनगर आणि साडेसतरा नळी यांच्या जोडीने फुरसुंगी व उरुळी देवाचीही त्यांत होती. उरलेली २३ गावे ३० जून २०२१ रोजी समाविष्ट झाल्यावर पुणे महापालिकेचे क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले आणि क्षेत्रफळाने ती मुंबईहूनही मोठी ठरली.

कचरा डेपो : दुराव्याचे मूळ

२०१७ मध्ये आलेल्या इतर नऊ गावांपेक्षा फुरसुंगी आणि उरुळी देवाचीची गोष्ट वेगळी आहे, कारण शहराशी त्यांचा संबंध समावेशाच्या कितीतरी आधी कचऱ्याच्या मार्गाने जडला होता. पूर्वी कोथरूडमध्ये कचरा डेपो होता. कोथरूड वाढले, तेथे मध्यमवर्गीय वसाहती झाल्या आणि शहराचा कचरा सासवड रस्त्याकडे वळला. आज कोथरूडच्या त्या जागेवर मेट्रोचा डेपो उभा आहे. उरुळी देवाची व फुरसुंगीच्या शिवेवरील १६३ एकरांचा डेपो मात्र १९९० च्या दशकापासून शहराचा कचरा पोटात घेत राहिला. पुण्यात रोज निर्माण होणारा कचरा आता दोन हजार टनांच्या पुढे गेला आहे. उघड्यावर कचरा टाकणे थांबवून प्रक्रिया करण्याचे आदेश, प्रक्रिया प्रकल्पांची अपयशे, साठलेल्या कचऱ्याचे उत्खनन करून त्यातील माती, प्लॅस्टिक व जळाऊ भाग वेगळा करण्याची, म्हणजे बायोमायनिंगची, कामे आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढील सुनावण्या असा या डेपोचा दीर्घ इतिहास आहे.

गावकऱ्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ अधिक रोखठोक होता. कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने विहिरी आणि बोअरवेल निकामी झाल्या, उन्हाळ्यात डेपोला आग लागली की धूर भेकराईनगरपर्यंत पसरू लागला आणि मंतरवाडी चौकातून जाणाऱ्या कचऱ्याच्या गाड्या अडवणे हेच गावाच्या हातातील एकमेव शस्त्र उरले. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला मोठी आग लागल्यानंतर ग्रामस्थांनी गाड्या रोखून धरल्या. शहरात जागोजागी कचरा साचला आणि हा प्रश्न मुख्यमंत्र्यांच्या बैठकीपर्यंत गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही गावे महापालिकेत आली. कालपर्यंत ज्या संस्थेच्या गाड्या गावाने अडवल्या त्याच संस्थेचे गावकरी आता करदाते झाले. समावेशाकडे गावकऱ्यांनी सुरुवातीपासून ज्या नजरेने पाहिले, ती या पार्श्वभूमीशिवाय उमगत नाही.

पाण्याचेही तसेच झाले. भूजल दूषित झाल्याचे मान्य करून शासनाने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणामार्फत दोन्ही गावांसाठी स्वतंत्र पाणीपुरवठा योजना हाती घेतली. परंतु जलवाहिन्या, टाक्या आणि शुद्धीकरण यांचे टप्पे वर्षानुवर्षे रखडले व तोवर टँकर हाच पुरवठ्याचा आधार राहिला. सासवड रस्त्यालगतच्या गृहनिर्माण सोसायट्यांत टँकर हा मासिक हिशोबाचा कायमचा भाग झाला आहे : फाटकावरील रक्षक वहीत टँकरचा क्रमांक आणि वेळ टिपतो, पाणी जमिनीखालच्या टाकीत सोडले जाते, महिन्याअखेरीस फेऱ्यांची संख्या मोजून रक्कम देखभाल खर्चात मिळवली जाते आणि उन्हाळ्यात सर्वसाधारण सभा याच एका आकड्यावर अडकून पडते. खडकवासला धरणातून निघणारा नवा मुठा उजवा कालवा मात्र याच फुरसुंगीच्या शिवारातून दौंड-इंदापूरकडे वाहत जातो. कालवा गावातून जातो म्हणून पाण्यावर गावाचा हक्क निर्माण होत नाही. तो हक्क कोणत्या संस्थेकडे किती कोटा मंजूर आहे यावर ठरतो आणि म्हणून हद्दीचा वाद पाण्यापासून वेगळा काढता येत नाही.

मिळकतकराचे बिल

वादाला तोंड फुटले ते मिळकतकरावरून. ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि महापालिकेचा मिळकतकर हे दोन वेगळ्या पायांवर उभे असलेले कर आहेत. ग्रामपंचायत नमुना ८ या आकारणी नोंदवहीत घराचे क्षेत्र, बांधकामाचा प्रकार आणि वय लिहून भांडवली मूल्यावर माफक दराने कर लावते व त्यासोबत दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टी अशा मोजक्या रकमा घेते. पुणे महापालिकेत मिळकतीचे वार्षिक करयोग्य मूल्य, म्हणजे ती भाड्याने दिल्यास वर्षाकाठी किती भाडे येऊ शकेल याचा अंदाज, हा पाया असतो. त्यावर सर्वसाधारण कर, अग्निशमन, जललाभ, मलनिस्सारण, रस्ता इत्यादी कर आणि शिवाय राज्याचे शिक्षण व रोजगार हमी उपकर अशी ओळीमागून ओळ वाढत जाते. निवासी मिळकतीत मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत मिळते. दुकान, गोदाम किंवा भाड्याची खोली यांना ती नसते.

समाविष्ट गावांना हा भार एकदम बसू नये म्हणून पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्याच दराने आणि त्यानंतर दरवर्षी २० टक्क्यांच्या पायरीने वाढवत पूर्ण दरापर्यंत जाण्याची तरतूद कायद्यात आहे. कागदावर ही तरतूद समंजस दिसते. प्रत्यक्षात मात्र तिला तीन गोष्टी आडव्या आल्या. पहिली, कराचा टप्पा दरवर्षी ठरल्या दिवशी चढत असे, सुविधेचा टप्पा मात्र कोणत्याही वेळापत्रकाला बांधलेला नव्हता. दुसरी, रीतसर परवानगीशिवाय झालेल्या बांधकामांवर कराच्या दुप्पट शास्ती लागत असल्याने एकूण बिल तिप्पट होई, आणि गावांतील बहुतेक बांधकामे महापालिकेच्या अर्थाने रीतसर नव्हतीच. तिसरी, थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढत असल्यामुळे बिलाला हरकत घेऊन भरणा थांबवणाऱ्याचा आकडा वर्षभरातच हाताबाहेर जाई. सासवड रस्त्यावरील गोदामे, कारखानदारांची शेड आणि उरुळी देवाचीतील कापडाची मोठी बाजारपेठ यांना बिगरनिवासी दराचा सर्वाधिक फटका बसला आणि महापालिकेतून बाहेर पडण्याच्या मागणीला आर्थिक बळ बहुतांशी याच वर्गाकडून मिळाले. पुढे २०२४ मध्ये शासनाने समाविष्ट गावांतील मिळकतकर वसुलीला स्थगिती दिली, तेव्हा अन्य गावांतील रहिवाशांचाही हाच आक्षेप होता हे उघड झाले.

एका गावात तीन मते

गावाचे मत एकच असते हा समज या वादात टिकला नाही. मूळ गावठाणातील आणि बागायतदार कुटुंबांना महापालिका ही प्रामुख्याने आरक्षणे टाकणारी आणि कर वसूल करणारी संस्था वाटत होती. डेपोसाठी जमिनी गेल्या, आता विकास आराखड्यातील रस्ते, उद्याने आणि शाळांसाठी उरलेल्या जमिनीही जातील, ही त्यांची भीती होती. शिवाय ग्रामपंचायतीत सरपंचाच्या घरी जाऊन सुटणारा प्रश्न महापालिकेत क्षेत्रीय कार्यालय, मुख्य इमारत आणि खातेप्रमुख अशा दारांतून फिरत राहतो, हा त्यांचा रोजचा अनुभव होता.

नव्या गृहप्रकल्पांत राहायला आलेल्या सदनिकाधारकांचे गणित निराळे होते. त्यांनी घर घेताना पुण्याचा पत्ता घेतला होता. बँकेचे कर्ज, मुलांची शाळा आणि नोकरीची जागा यांचा विचार करूनच ते येथे आले होते. नगरपरिषद झाल्यास कर कमी होईल हे त्यांना मान्य होते. पण कमी करात मलनिस्सारण प्रकल्प, अग्निशमन केंद्र आणि रस्ते कोण बांधणार, असा त्यांचा प्रश्न होता. टँकरवर होणारा खर्च मिळकतकरातील बचत गिळून टाकतो, हे त्यांच्या सोसायटीच्या हिशोबवहीतच दिसत होते. गावे वगळण्याच्या निर्णयाविरुद्ध हरकती नोंदवण्यात आणि उच्च न्यायालयात दाद मागण्यात समावेशाच्या बाजूचे रहिवासी पुढे होते.

तिसरा गट गुंठा-दोन गुंठ्यांत घर बांधून राहणाऱ्या कष्टकरी कुटुंबांचा. हडपसरच्या कारखान्यांत, बाजारात आणि घरकामात राबणाऱ्या या वर्गाच्या घरांना ना पुरेसा रस्ता होता ना बांधकामाची परवानगी. महापालिका आल्यास कारवाईची टांगती तलवार आणि नगरपरिषद आल्यास सुविधांची अनिश्चिती, अशा पेचात सापडलेल्या या लोकांचा आवाज दोन्ही बाजूंच्या सभांत सर्वांत कमी ऐकू आला.

प्रतिनिधित्वाचा मुद्दा या तिन्ही गटांना जोडणारा होता. समावेशानंतर ११ गावांसाठी २०१९ मध्ये पोटनिवडणूक होऊन मिळून दोनच नगरसेवक निवडले गेले. शहराच्या उत्तर टोकाच्या लोहगावपासून आग्नेय टोकाच्या फुरसुंगीपर्यंत आणि पश्चिमेच्या शिवण्यापर्यंत पसरलेल्या गावांचे प्रश्न दोन व्यक्तींनी सभागृहात मांडावेत, ही व्यवस्था नावापुरतीच लोकशाही होती. महापालिकेत आजही एका नगरसेवकामागे २० हजारांहून अधिक लोकसंख्या असते. नगरपरिषदेत हे प्रमाण काही हजारांवर येते आणि नगराध्यक्ष थेट मतदारांतून निवडला जातो, तर महापौराची निवड नगरसेवक करतात. 'आपला माणूस' हवा ही नगरपरिषदवाद्यांची मागणी करबचतीच्या मागणीइतकीच खरी होती, हे मान्य करावे लागते.

निर्णय कसा झाला

डिसेंबर २०२२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी दोन्ही गावे वगळून स्वतंत्र नगरपरिषद करण्याची घोषणा केली. पुरंदरचे तेव्हा माजी आमदार असलेले माजी राज्यमंत्री विजय शिवतारे यांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. मार्च २०२३ मध्ये प्रारूप अधिसूचना निघाली, हरकती व सूचना मागवल्या गेल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये निर्णय अंतिम झाला. महापालिकेची हद्द बदलताना शासनाने त्या महापालिकेशी विचारविनिमय करावा, अशी अट कायद्यात आहे. परंतु पुणे महापालिकेतील नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती आणि सभागृहाचे सर्व अधिकार शासननियुक्त प्रशासकाकडे होते. त्यामुळे शासनाने प्रस्ताव मांडला आणि शासनानेच नेमलेल्या अधिकाऱ्याने महापालिकेच्या वतीने त्यावर मत दिले. ग्रामपंचायती २०१७ मध्येच विसर्जित झाल्या होत्या. म्हणजे गावांचे भवितव्य ठरत असताना गावांचा किंवा शहराचा एकही निवडून आलेला स्थानिक प्रतिनिधी पदावर नव्हता.

हरकतींची पद्धतही नजरेआड करण्याजोगी नाही. रहिवाशाने मुदतीत लेखी अर्ज करायचा, आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोहोच म्हणून शिक्का घ्यायचा आणि सुनावणीची नोटीस आलीच तर ठरल्या दिवशी अधिकाऱ्यासमोर काही मिनिटांत म्हणणे मांडायचे, अशी ही रीत असते. येथे प्रत्येक जण एकेकटा बोलतो. विरुद्ध मताच्या शेजाऱ्याचे म्हणणे त्याला ऐकू येत नाही, नव्या संस्थेच्या जमाखर्चाचा अंदाज त्याच्यापुढे ठेवलेला नसतो आणि अधिकाऱ्याने अहवालात काय लिहिले हे त्याला सहजासहजी कळत नाही. कायद्याने लोकांना हरकत घेण्याचा अधिकार दिला आहे, पण एकत्र बसून ठरवण्याचा दिलेला नाही.

इतरत्र काय घडले

महाराष्ट्रात अशा हेलकाव्यांची उदाहरणे अनेक आहेत. १९८३ मध्ये कल्याण महापालिकेत आलेली २७ गावे २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा घेतली गेली. २०२० मध्ये त्यांतील १८ गावे वगळून स्वतंत्र नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला, तो उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रद्द ठरवला. नवी मुंबईतून २००७ मध्ये वगळलेल्या १४ गावांना पुन्हा महापालिकेत घेण्याचा निर्णय दीड दशकाने झाला. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये स्थापन झाल्यापासून २९ गावांचा प्रश्न आंदोलन, अधिसूचना आणि न्यायालय यांत फिरत राहिला. या सर्व ठिकाणी गावे बाहेर असताना बांधकामे वाढली, आत आल्यावर कर वाढला आणि दोन्ही अवस्थांत पाणी अपुरे राहिले.

याच्या उलट, स्वतंत्र नगराचा यशस्वी दाखला पुण्याच्या शेजारीच आहे. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नवनगरपालिका स्थापन झाली, हडपसरचे अण्णासाहेब मगर तिचे पहिले नगराध्यक्ष झाले आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महापालिका झाली. ती उभी राहिली कारण तिच्या हद्दीत कारखाने होते, जकातीचे भरघोस उत्पन्न होते आणि पवना नदीचे पाणी होते. जकात आता इतिहासजमा झाली आहे. तिच्या बदल्यात वस्तू व सेवा कराच्या भरपाईचे अनुदान महापालिकांना मिळते, नगरपरिषदांना त्या प्रमाणात मिळत नाही. त्यामुळे पिंपरी-चिंचवडचे उदाहरण देऊन आजच्या नगरपरिषदेची स्वप्ने रंगवणे फसवे ठरते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लेकवूड या वसाहतीने शेजारच्या लाँग बीच शहरात विलीन होण्याऐवजी १९५४ मध्ये मतदान करून स्वतंत्र नगर स्थापन केले आणि पोलीस, रस्ते व अन्य सेवा स्वतः उभारण्याऐवजी लॉस एंजेलिस परगण्याकडून कराराने विकत घेतल्या. हा नमुना पुढे अनेक वसाहतींनी उचलला. त्यात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत : नगर व्हावे की नाही हे रहिवाशांच्या मतदानाने ठरले आणि कोणती सेवा कोणाकडून कोणत्या दराने मिळणार याचे करार झाले. आपल्याकडे मतदानाची तरतूद नाही हे खरे. पण सेवांचे करार करण्यास कोणत्या कायद्याने मज्जाव केला आहे?

हद्द बदलली, ओझे तेच

नगरपरिषद झाल्याने फुरसुंगी व उरुळी देवाचीच्या रहिवाशांना मुख्याधिकाऱ्याचे कार्यालय गावात मिळाले, नगराध्यक्ष थेट निवडता आला आणि कराचे दर ठरवण्यात आपल्या प्रतिनिधींचा शब्द आला. हे लाभ खरे आहेत. मात्र कचरा डेपोचा कारभार पुणे महापालिकेकडेच राहिला. पूर्वी गावकरी निदान महापालिकेचे मतदार म्हणून जाब विचारू शकत होते; आता वास त्यांच्याकडे येतो आणि निर्णय शेजारच्या संस्थेत होतो, म्हणजे या एका बाबतीत ते २०१७ च्या आधीच्या जागी परतले आहेत. पाण्यासाठी नगरपरिषदेला जलसंपदा विभागाच्या मंजुरीवर, जीवन प्राधिकरणाच्या योजनेवर आणि महापालिकेच्या सहकार्यावर अवलंबून राहावे लागते. हद्दीलगतच्या पाच किलोमीटरपर्यंतच्या गावांना महापालिकेने पाणी द्यावे हे शासनाचे धोरण असले, तरी त्याची अंमलबजावणी खडकवासला साखळीतील धरणांच्या २९ टीएमसी क्षमतेत कोणाची किती वाटणी यावर येऊन थांबते. महापालिकेने या गावांत नगररचना योजनाही हाती घेतल्या होत्या. अशा योजनेत जमीनमालकांचे तुकडे एकत्र करून रस्ते व सार्वजनिक जागा काढल्या जातात आणि उरलेली जमीन नियमित आकाराचे भूखंड करून मालकांना परत दिली जाते. ज्या संस्थेने ही आखणी केली तिचे अंदाजपत्रक १२ हजार कोटींच्या पुढचे. रस्ते प्रत्यक्षात बांधण्याचा खर्च ज्या संस्थेच्या माथी येतो तिची वार्षिक आवक त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

महापालिकेत राहिल्याने सर्व सुरळीत झाले असते असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या समाविष्ट गावांत गुलेन बारी सिंड्रोम या मज्जासंस्थेच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा तेथे विहिरीचे पाणी पूर्ण शुद्धीकरणाशिवाय केवळ क्लोरिन मिसळून पुरवले जात असल्याचे समोर आले. नांदेड आणि किरकटवाडी २०२१ पासून, तर धायरी २०१७ पासून महापालिकेच्या हद्दीत होती. शिवाय २३ गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून शासनाने पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, म्हणजे पीएमआरडीएला, नेमले होते. त्यामुळे बांधकाम परवानगीचे शुल्क एका संस्थेकडे आणि त्या बांधकामांना पाणी देण्याची जबाबदारी दुसरीकडे, अशी विभागणी झाली. आत असणे आणि सुविधा मिळणे यांत वर्षांचे अंतर पडते, हे ज्यांना फुरसुंगीच्या तक्रारी अवाजवी वाटल्या त्यांनाही या घटनेने दाखवून दिले.

पुढील गावांसाठी

हा प्रश्न दोन गावांपुरता राहणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री असताना अजित पवार यांनी चाकण, हिंजवडी आणि मांजरी-फुरसुंगी-उरुळी देवाची परिसर अशा तीन नव्या महापालिकांची गरज बोलून दाखवली होती. हडपसरसह पूर्व पुण्याची स्वतंत्र महापालिका व्हावी ही मागणी जुनीच आहे. त्या वेळी नगरपरिषद होऊन वर्षही न झालेला परिसर पुन्हा एखाद्या महापालिकेचा भाग होण्याची शक्यता अशा रीतीने उच्चारली जाते, याचा अर्थ हद्दीचा विचार अजूनही दीर्घ पल्ल्याच्या नियोजनाने होत नाही, तर त्या त्या वेळच्या मागणीच्या जोरावर होतो.

यातून निघणारा मार्ग अवघड नाही. हद्द बदलण्याची प्रारूप अधिसूचना काढताना शासनाने तिच्यासोबत चार कागद जोडणे बंधनकारक करता येईल : प्रस्तावित संस्थेचा पाच वर्षांचा अपेक्षित जमाखर्च, पाण्याचा मंजूर कोटा आणि तो कोणत्या वाहिनीतून कधी मिळणार याचे वेळापत्रक, अर्धवट योजना, मालमत्ता, कर्मचारी व देणी यांची दोन्ही संस्थांतील वाटणी, आणि कचरा डेपोसारख्या सामायिक ओझ्याबाबतचा लेखी करार, ज्यात नुकसानभरपाई आणि देखरेख समितीतील गावाचे स्थान नमूद असेल. हे कागद ग्रामसभेत किंवा प्रभागसभेत वाचून त्यांवर चर्चा व्हावी, चर्चेचे इतिवृत्त अंतिम निर्णयासोबत प्रसिद्ध व्हावे आणि स्थानिक संस्थेत निवडून आलेले सभागृह नसताना हद्दबदलाचा निर्णय घेतला जाऊ नये, एवढी तरतूद नगरपरिषद व महापालिका या दोन्हींच्या अधिनियमांत छोट्या दुरुस्तीने बसू शकते. करवाढीच्या पायऱ्यांनाही सुविधेच्या पायऱ्यांशी जोडता येईल : नळाला पाणी आले की जललाभ कर, मलनिस्सारण वाहिनी जोडली गेली की त्याचा कर.

फुरसुंगी आणि उरुळी देवाचीने महापालिका सोडली ती योग्य की अयोग्य, याचे उत्तर नगरपरिषदेची पहिली काही अंदाजपत्रके देतील. मात्र दोन्ही वेळा, आत घेताना आणि बाहेर काढताना, वर दिलेल्या चारपैकी एकही कागद रहिवाशांच्या हाती नव्हता, ही गोष्ट आजच सिद्ध आहे. मांजरी, वाघोली, हिंजवडी आणि चाकणच्या रहिवाशांनी नगराचा प्रकार कोणता हवा यावर आपापसात भांडण्याआधी तो हिशोब मागावा; कारण तो हाती असेल तर मतभेद राहूनही निर्णय टिकतो आणि तो नसेल तर पुढचे सरकार आल्यावर हद्द पुन्हा सरकते.